एवढा कोण वाचतला?

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मामाला मी त्याच्या आंब्याच्या वेबसाईटचं पान दाखवलं तेव्हा तो मोबाईल हातात धरून अंगठ्याने खाली, अजून खाली असं सरकवत राहिला, चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाला, "अगो, एवढा कोण वाचतला?"

मामाची देवगडच्या बाजूला हापूसची बाग आहे. मी पुण्यात राहते आणि गेली अकरा वर्षं कॉपी लिहिते, म्हणजे जाहिरातीतला मजकूर, वेबसाईटची पानं, ईमेल, एसएमएस, पॅम्फ्लेट, जे काम येईल ते. मामाचा हा प्रश्न मी या अकरा वर्षांत मीटिंगांमध्ये इतक्या वेळा ऐकलाय, फक्त तिथे तो "मॅडम, आजकाल कोणी वाचत नाही, अटेन्शन स्पॅनच राहिला नाही लोकांचा" अशा भाषेत येतो. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण हेच लोक घरी गेल्यावर सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या ॲग्रीमेंटचा भलामोठा पीडीएफ ओळ न् ओळ वाचतात, मुलीसाठी स्थळ आलं की बायोडेटामधलं गाव, शिक्षण, मामांचं आडनाव, भावंडं काय करतात हे सगळं दोनदोनदा वाचतात, आईचा रिपोर्ट आला की त्यातला प्रत्येक आकडा गुगल करून बघतात. वाचतात हो लोक. आपलं काहीतरी त्यात अडकलेलं असलं की सगळे वाचतात.

पण मामाचं पान लांब का झालं ते सांगते, कारण आधी ते लांब नव्हतंच.

पहिल्या वर्षी मी तीन ओळी लिहिल्या होत्या. बागेचा सुंदर फोटो, खाली "थेट देवगडच्या बागेतून, अस्सल हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला", त्याखाली फोन नंबर. मला ते फार आवडलं होतं. स्वच्छ, मोकळं. फोनही यायला लागले, भरपूर आले, आणि ते सगळे घ्यायला वहिनी, म्हणजे मामेभावाची बायको. ऐन सीझन, अंगणात पेट्या भरायचं काम चाललेलं, पेंढा पसरलेला, गडी जेवायचे थांबलेले, आणि वहिनी एका कानाला फोन लावून तेच तेच सांगतेय. आंबा कच्चा येणार की तयार? पेटीत किती डझन? मग 4 डझनाची पेटी आणि 6 डझनाची पेटी एकाच भावाची कशी? कार्बाईड मारता का? देवगडचाच कशावरून, कर्नाटकातला नाही कशावरून? खराब निघाला तर? पैसे आधी की नंतर? पुण्यात कुठे उतरवणार, घरपोच येणार का? आणि एवढं सगळं विचारून "बघते, कळवते" म्हणून निम्म्याहून जास्त लोक फोन ठेवायचे.

मे महिन्यात मी तिकडे गेले तेव्हा दोन दिवस वहिनीच्या शेजारी नुसती बसून होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कॉपीरायटिंगचं शिक्षण त्या दोन दिवसांत झालं असं मी आजही मानते. कारण मला दिसलं की माझ्या तीन ओळी आखूड नव्हत्याच, त्या अर्धवट होत्या. उरलेली कॉपी वहिनी तोंडाने बोलत होती, दिवसाला वीसवीस वेळा, घसा बसेपर्यंत. मजकूर कमी झालेला नव्हता, फक्त माझ्या पानावरून तिच्या गळ्यात गेला होता.

मग दुसऱ्या वर्षीचं पान मी तिच्या उत्तरांवरूनच लिहिलं. तीच भाषा ठेवली. पेटीचं माप एकच असतं, फळ मोठं असेल तर 4 डझन बसतात, लहान असेल तर 6 किंवा त्याहून जास्त, म्हणून "पेटी केवढ्याला" विचारण्याआधी फळ केवढं ते विचारा. आंबा आम्ही कच्चाच पाठवतो, पेंढ्यात ठेवा, साधारण आठदहा दिवसांत वास सुटेल, तयार होईपर्यंत फ्रिजमध्ये घालू नका. कार्बाईडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, आणि आम्ही कच्चं फळ पाठवत असल्यामुळे पिकवणं तुमच्याच घरात, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. 2018 साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात, आणि बागायतदार त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करू शकतो, मामाने ती केलेली होती पण सर्टिफिकेट कपाटात फाईलमध्ये पडून होतं, ते फोटो काढून पानावर टाकलं. कशावरून देवगडचा, या प्रश्नाला "अस्सल" हा शब्द उत्तर नाही, तो कागद उत्तर आहे.

आणि साका. याच्यावर घरात वाद झाला. हापूस कापल्यावर कधीकधी आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो त्याला साका म्हणतात, आणि बाहेरून फळ बघून तो अजिबात कळत नाही, बागायतदारालाही नाही. फळ झाडावर जास्त राहिलं की त्याचं प्रमाण वाढतं म्हणून जरा आधी काढतात, तरी एखाद्या फळात निघतोच. मी म्हटलं हे पानावर लिहूया. भाऊ म्हणाला, आपणच सांगायचं आपला आंबा खराब निघू शकतो म्हणून? मी हट्ट धरला. शेवटी मामानेच वाक्य सांगितलं आणि मी त्यातला एक शब्दही बदलला नाही: "साका बाहेरून मलाही दिसत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त घालतो." अख्ख्या पानात याच्याइतकं चांगलं वाक्य दुसरं नाही. नंतर ज्या अनोळखी लोकांनी ऑर्डर दिली त्यातल्या कितीतरी जणांनी फोनवर हेच वाक्य वहिनीला बोलून दाखवलं, की तुम्ही ते साक्याचं लिहिलंय ना, म्हणून घेतोय. छोट्या कॉपीत हे वाक्य बसलंच नसतं, जागा नव्हती म्हणून नव्हे, एवढं खरं बोलायला आधी थोडी ओळख लागते, आणि पानावरचा आधीचा मजकूर ती ओळख करून देत होता.

त्यानंतर मात्र मी एक चूक केली. पान इतकं चाललं म्हणून तोच मजकूर थोडा कापून आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवला, जी माणसं वीस वर्षांपासून मामाकडून पेटी घेतायत त्यांना. उत्तर जवळजवळ कोणाचंच आलं नाही. एका काकांनी फोन करून विचारलं, "अगं सगळं ठीक आहे ना? एवढं मोठं काय पाठवलंयस? पेटी कधी येतेय ते सांग." त्यांना कार्बाईडचं काय करायचंय? त्यांनी मामाची बाग बघितलीय, मामाच्या घरी जेवलेत. त्यांना तारीख, भाव आणि उतरायची जागा एवढंच हवं होतं, आणि ते मी चौथ्या परिच्छेदात पुरलं होतं. त्यांच्यासाठी लांब मजकूर म्हणजे अनोळखी माणसासारखं वागवणं झालं, आणि ते मला खरंच लागलं.

तर मला एवढंच सांगायचंय की कॉपी लांब ठेवायची की आखूड हे आपण लेखकांनी किंवा क्लायंटने आपल्या आवडीवर ठरवूच नये, वाचणाऱ्याच्या डोक्यात किती प्रश्न अजून सुटायचे आहेत त्यावर ते ठरतं. युजीन श्वार्ट्झ नावाचा अमेरिकन कॉपीरायटर होता, त्याने 1966 मध्येच हे पाच पायऱ्यांत मांडून ठेवलंय, ज्याला आपली अडचण काय हेही माहीत नाही तिथपासून ज्याला तुमची वस्तू पूर्ण माहितीय आणि फक्त भाव ऐकायचाय तिथपर्यंत. काका शेवटच्या पायरीवर होते. वेबसाईटवर आलेली बंगळुरूची मराठी मुलगी, जिने आजवर आंबा फक्त सुपरमार्केटमधून घेतलाय, ती बरीच मागच्या पायरीवर. दोघांना एकच मजकूर कसा चालेल?

आता लोक मला अमूलचं उदाहरण देतात. की बघा, एका ओळीत काम होतं. अमूलची होर्डिंग मलाही प्रचंड आवडतात, जाहिरातकार सिल्वेस्टर दाकुन्हांकडे ते काम आलं 1966 मध्ये आणि ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी अजूनही त्या त्या आठवड्याच्या बातमीवर एक ओळ बोलते. पण ती ओळ चालते कशी ते बघा ना. बातमी आपल्याला आधीच माहीत असते, लोणी काय असतं माहीत असतं, ब्रँड लहानपणापासून घरात असतो. उरलेला सगळा मजकूर वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच छापलेला आहे. कालपरवा सुरू झालेल्या ब्रँडने एका ओळीचं होर्डिंग लावलं तर ते लोक वाचतील, कदाचित हसतील, आणि पुढच्या सिग्नलला विसरतील.

दुसरं उदाहरण फोक्सवॅगनच्या "थिंक स्मॉल" चं येतं, डॉइल डेन बर्नबाख या जाहिरात एजन्सीची 1959 ची जाहिरात, मोठं पांढरं पान आणि कोपऱ्यात एवढीशी गाडी. सगळ्यांना ते दोन शब्द आठवतात. पण त्या पानाच्या खाली व्यवस्थित मजकूर आहे, पेट्रोल किती लागतं, टायर किती टिकतात, पार्किंगला जागा कशी मिळते, सगळं. ज्याला गाडी घ्यायची नव्हती तो हेडलाईनवर थांबला, ज्याला घ्यायची होती तो खाली उतरला. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, एकाच पानावर दोघांची सोय. आणि लांब मजकूर चालत नाही म्हणणाऱ्यांना मी वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन वर्तमानपत्राचं ते पत्र सांगते, मार्टिन कॉनरॉयने लिहिलेलं, एकाच कॉलेजातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन तरुणांची गोष्ट सांगून वर्गणी मागणारं, दोन पानांचं पत्र. 1975 पासून 2003 पर्यंत ते पोस्टाने जात राहिलं. अठ्ठावीस वर्षं कोणी पैसे घालून एखादी गोष्ट उगीच छापत नाही.

पण लांब म्हणजे चांगलं असंही कोणी समजू नका, उलट लांब आणि पोकळ याच्यासारखं वाईट काही नाही. फ्लॅटची ब्रोशरं बघा. निसर्गाच्या कुशीत, स्वप्नांना पंख, पक्ष्यांच्या किलबिलाटात उगवणारी सकाळ, अशी चारचार पानं, आणि कार्पेट एरिया किती ते शोधायला भिंग लागतं. आयुष्यभराची कमाई घालणाऱ्या माणसाला ही चार पानं काय कामाची? महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड टाकायला लावला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, तो स्कॅन केला की प्रोजेक्टची नोंदणीची माहिती समोर येते. मला विचाराल तर त्या जाहिरातीतला सगळ्यात उपयोगी मजकूर त्या छोट्या चौकोनामागे असतो, आणि तो बऱ्यापैकी लांब असतो.

एक गोष्ट जी आपल्या मराठीत लिहिणाऱ्यांना फार जाचते आणि इंग्रजीवाल्यांना पटकन कळत नाही, ती म्हणजे एसएमएस. इंग्रजी एसएमएसला 160 अक्षरं मिळतात. देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे जास्त जागा खाणाऱ्या पद्धतीत, जातो आणि मर्यादा होते 70. आणि ही 70 म्हणजे आपण पाटीवर मोजतो तशी अक्षरं नव्हेत, काना वेगळा मोजला जातो, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. "मी" म्हणजे 2. "श्री" म्हणजे 4. "ज्येष्ठ" दिसायला दोन अक्षरं, मोजायला 7. "विद्यार्थी" म्हणजे 10! 71 झाले की दोन मेसेजचे पैसे, आणि जोडलेल्या मेसेजमध्ये प्रत्येकाला 67 च मिळतात. त्यामुळे क्लायंट सरळ म्हणतात की मग रोमन लिपीत मराठी लिहा, "amba aala" छापाचं, आणि गावाकडच्या ज्या माणसासाठी तो मेसेज आहे त्यालाच तो वाचताना ठेचा लागतात. मी यावर भांडते. 70 मध्ये मराठी बसतं, फक्त जोडाक्षरं कमी करावी लागतात, "उपलब्ध आहे" च्या जागी "आलाय", "संपर्क साधा" च्या जागी "फोन करा". आणि गंमत म्हणजे असं केलं की भाषा आपोआप बोलल्यासारखी होते. मोठं पान लिहितानाही मी आता हे करते, जागा असली तरी.

नवीन काम आलं की मी आता क्लायंटला पहिल्यांदा एकच विचारते, तुमच्याकडे फोन कोण उचलतं? मार्केटिंग हेडशी नंतर बोलू. एका कोचिंग क्लासचं काम करताना त्यांच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी मला वहीच काढून दिली, पालक काय काय विचारतात त्याची, फी हप्त्याने चालेल का, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, मुलींची बॅच रात्री किती वाजता सुटते. सरांनी दिलेल्या ब्रीफमध्ये यातलं एकही नव्हतं, होता फक्त निकाल आणि सरांचा फोटो. ते पान लांब झालं. सर नाराज होते, पण ताईंनी मला नंतर मेसेज करून सांगितलं की आता फोन करणारे पालक थेट ॲडमिशनचंच बोलतात.

यंदा मामाकडचा पहिला लॉट निघाला तेव्हा वहिनीने जुन्या यादीला पाठवायचा मेसेज स्वतःच लिहिला आणि मला फक्त बघायला पाठवला. "पहिली पेटी शनिवारी. भाव गेल्या वर्षीचाच. किती ठेवू?" मी मोजून बघितलं, 70 च्या आत होता. मी काहीच बदललं नाही. वेबसाईटच्या पानावर मात्र यंदा अजून एक परिच्छेद वाढणार आहे, कारण दुबईहून एकाने विचारलंय की आई ठाण्यात एकटी असते, पेटी चौथ्या मजल्यापर्यंत कोणी वर नेऊन देईल का, आणि वहिनी म्हणतेय हा प्रश्न आता पुष्कळ जण विचारतात.