एका चक्राचं भांडवल

शेडला कुलूप होतं. वीजमीटरवरचा लाल दिवा लुकलुकतही नव्हता, म्हणजे आत एक बल्बसुद्धा चालू नव्हता. दारावरची पाटी शेवाळून गेली होती, पण 'पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमांतर्गत अर्थसहाय्यित' ही ओळ वाचता येत होती. मी छत्री मानेत धरून मोबाइल काढला आणि कुलपाचा फोटो घेतला.

२०२४ चा ऑगस्ट, चतुर्थीला तीनेक आठवडे होते. सावंतवाडीहून दोडामार्गच्या अंगाला जाताना लागणारं हे गाव. माझ्या त्या दिवसाच्या यादीत सात उद्योग होते आणि हा चौथा, काजू फोडण्याचा.

माझं काम थोडक्यात सांगते. पाटीवरचा तो कार्यक्रम म्हणजेच पीएमईजीपी, २००८ पासूनची योजना. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, ५ टक्के तिनं घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. अनुदानाची रक्कम मात्र लगेच तिच्या हातात पडत नाही. ती बँकेत तिच्या नावानं तीन वर्षं मुदत ठेव म्हणून अडकून राहते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि ठेवीवर मिळतही नाही. तीन वर्षं झाली की कोणीतरी जागेवर जाऊन उद्योग आहे की नाही ते बघतं, आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. जागेवर जाणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या संस्थेला या पडताळणीचं काम मिळतं आणि मला दर उद्योगामागे ठरलेले पैसे. सात उद्योग सात तासांत झाले तर दिवस बरा म्हणायचा.

सकाळी कुडाळात एक फ्लेक्स छपाई बघितली, छान चालली होती. चिऱ्यांना पर्याय म्हणून सिमेंटचे ब्लॉक पाडणाऱ्याचा पावसाळा रिकामाच जातो. तिसरी कोकम आगळाची खोली. तिथल्या काकूंनी आगळाच्या बरण्यांवरची झाकणं काढून दाखवली तेव्हा त्या वासानंच माझी थकवा आलेली मान सरळ झाली. तिन्हीकडे 'चालू' असा शेरा दिला. चौथ्याला कुलूप बघितल्यावर माझा अंगठा सवयीनं 'बंद'कडे गेला.

तेवढ्यात शेडच्या मागल्या घरातून हसण्याचा आवाज आला. तो आला नसता तर मी निघून गेले असते. हे मी आजही मनाला लावून घेते, कारण त्याआधीच्या महिन्यात अशीच दोन कुलपं बघून मी घराकडे न वळता परत फिरले होते.

पडवीत पाच बायका बसल्या होत्या. मधे पत्र्याच्या परातीत काजूचे गर, प्रत्येकीच्या हातात लहान सुरी. गरावरची तांबूस साल सुरीच्या टोकानं उचलायची, अंगठ्यानं ओढायची, आणि गर मोडू द्यायचा नाही. अख्ख्याची पाकळी झाली की भाव पडतो, पाकळीची कणी झाली की आणखी पडतो. बोलणं चालू होतं पण नजर कुणाचीच हातावरून हलत नव्हती.

"बँकेतली गे तू?" त्यातल्या एका काकींनी विचारलं. कर्ज त्यांच्याच नावावर होतं.

"नाय काकी, तपासणीक इलंय. शेडीक कुलूप असा म्हणान हय इलंय."

मी कणकवलीची. घरातली बोली तोंडात आली तशा त्या जरा सैलावल्या. सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मशीन बंद असा, धंदो बंद नाय."

परातीतला माल त्यांचा नव्हता. बांद्याच्या बाजूच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा होता. त्याच्याकडे स्वयंचलित कटर आहेत, बारा महिने माल आहे, आफ्रिकेतून आलेली बीसुद्धा आहे. फक्त सोलायचं काम तो गावागावांत घरोघर वाटतो. किलोमागे सोलणावळ मिळते. त्या सोलणावळीतून काकी स्वतःच्या, बंद पडलेल्या मशीनच्या कर्जाचा हप्ता भरत होत्या. तीन वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता. पासबुक त्यांनी आतून आणून माझ्यापुढे ठेवलं, मी मागितलं नव्हतं.

मग कुलूप काढलं. आत सगळं होतं. बी वाफवायचा बॉयलर, हातापायानं चालवायची चार कटर, ड्रायर, गर ठेवायचे पत्र्याचे डबे. कटरच्या पात्यांना तेलाचा हात दिलेला, वर जुन्या साडीचं आच्छादन. काकींनी एका कटरवर बसून पायानं दट्ट्या दाबून दाखवला, पातं मऊ खाली आलं. कोपऱ्यात एरंडेलाची बाटली होती. काजूच्या टरफलातलं तेल हाताची कातडी जाळतं, म्हणून फोडायला बसताना हाताला एरंडेल आणि राख लावतात. काकींच्या बोटांच्या कडा तरीही काळ्या होत्या, ऑगस्टातसुद्धा.

"मगे बंद कित्याक?" मी विचारलं.

"आमची काजी मेपर्यंत. तेच्या मागसून खंयसून हाडतलंव?"

मेनंतर बी आणायची कुठून, या एका वाक्यात सगळं आलं होतं, फक्त मला ते उलगडायला अर्धा तास लागला. शेडमधल्या उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून आम्ही दोघींनी माझ्या वहीत हिशेब मांडला.

त्यांचा प्रकल्प १० लाखांचा. शेड, मशिनरी, वीजजोडणी मिळून साडेसात लाख, खेळतं भांडवल अडीच लाख. योजनेच्या नियमात प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलाचं एक चक्र धरता येतं. एक चक्र म्हणजे कच्चा माल घेतला, पक्का केला, विकला, पैसे आले. प्रकल्प अहवाल लिहून देणाऱ्यानं ते चक्र एका महिन्याचं धरलं होतं. पिठाच्या गिरणीला, बेकरीला हे बरोबर आहे. आज संपलेला गहू उद्या मिळतो.

काजूची बी मार्च ते मे एवढीच येते. त्या अडीच-तीन महिन्यांत शेतकऱ्याच्या दारात जी बी घ्याल, उन्हात वाळवून पोत्यांत भराल, तीच पुढच्या मार्चपर्यंत फोडायची. म्हणजे या धंद्याचं एक चक्र अख्ख्या वर्षाचं. काकींच्या चार कटरांवर दिवसाला ८० किलो बी फुटते. २८० दिवस काम चालवायचं तर २२,४०० किलो बी हवी. त्या हंगामात त्यांना किलोला सरासरी ११० रुपये पडले होते. गुणाकार मी दोनदा केला. जवळजवळ २५ लाखांची बी, आणि तीही तीन महिन्यांत रोखीनं उचलायची. कर्ज मंजूर झालं होतं १० लाखांच्या प्रकल्पाला, त्यातले बीसाठी अडीच लाख.

अडीच लाखांत सव्वादोन टन बी येते. ८० किलोच्या हिशेबानं २८ दिवसांचं काम. तेवढ्या बीतून साधारण साडेपाचशे किलो गर निघतो. तो मेअखेर विकून पैसे हातात येतात, तोवर गावातली बी व्यापाऱ्यांच्या टेम्पोतून निघून गेलेली असते.

"उधारीवर नाय गावणत?"

दोन शेतकऱ्यांनी दिली होती, त्या म्हणाल्या. पण शेतकऱ्याचीही अडचण तीच. मेमध्ये त्याला घर शाकारायचं असतं, जूनला पोरांच्या वह्या-पुस्तकांचे, भातबियाणाचे पैसे लागतात. तो दिवाळीपर्यंत कसा थांबणार? त्या वर्षी तर बीचा दर पडल्यामुळे शेतकरी आधीच वैतागलेला होता, शासनानं किलोमागे १० रुपयांचं अनुदान जाहीर केलं ते त्याचसाठी. शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून ६ टक्क्यांनी पैसे मिळतात, पण ती शेतकऱ्याच्या मालाला. काकींनी विकत घेतलेली बी त्यात बसत नाही. शिवाय जीएसटी नोंदणी असलेला उद्योग शेतकऱ्याकडून थेट बी घेतो तेव्हा तो कर त्यानंच आधी भरायचा असतो, तो पुढे वजा होतो खरा, पण मार्चमध्ये एकेक रुपया बीत घालायचा असताना ही रक्कम आधी जाते.

मग मी बँकेबद्दल विचारलं. मर्यादा वाढवून का घेतली नाही?

काकी हसल्या नाहीत की चिडल्याही नाहीत. त्यांनी खात्याचा उतारा काढला आणि बोट ठेवून दाखवला. एप्रिलमध्ये कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या आणि परत भरायच्या खेळत्या भांडवलाची, मर्यादा काठोकाठ वापरलेली. मे-जूनमध्ये विक्रीचे पैसे भरले, मर्यादा मोकळी. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत खातं पडून. तीन वर्षं अगदी हाच नमुना. योजनेची अट अशी की या तीन वर्षांत मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली हवी आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको. पहिली अट त्या दरवर्षी पाळत होत्या, दुसरी पाळणं त्यांच्या हातात नव्हतं. कारण जुलैत पैसे काढून घ्यायचं काय? बाजारात गावठी बीच नसते.

"बँकवाले म्हणतत, हत ते पैसे वापरूक नाय, मगे वाढवचे कित्याक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वहीत तो उतरवून घेतला, त्यांच्याच शब्दांत. बँकेच्या साहेबांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. त्यांच्यापुढे सरासरीचा आकडा असतो, मार्चमधलं गावातलं अंगण नसतं. पण त्या आकड्यात बसणारा धंदा आणि या लाल मातीत होणारा धंदा वेगळा आहे, हे कुणीतरी कागदावर आणायला हवं की नको? सिंधुदुर्गात मोठे कारखाने जवळजवळ नाहीत. आहे ते हेच, काजू, कोकम, आंबा, फणस, मासळी, सगळं हंगामाचं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं बीचे वाण काढून दिले, वेंगुर्ला-४ आणि ७ ची टपोरी बी घराघरांतल्या कलमांना लागते, वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. कटर घ्यायला अनुदान आहे. बी साठवून ठेवायला मार्चमध्ये लागणारा पैसा तेवढा काकींच्या कागदांत कुठल्याच रकान्यात नव्हता. मग आपली बी टेम्पोत भरून जाते आणि आपल्याच बायका तिची साल काढायला पडवीत बसतात. काकींचा झील, म्हणजे मुलगा, पणजीला एका हॉटेलात कामाला आहे. शेड उभी राहिली तेव्हा तो परत येणार होता.

चतुर्थीला काजूचा भाव चढतो. मुंबईचे चाकरमानी येतात, जाताना दोन-दोन किलो घेऊन जातात. काकींच्या डब्यांत त्या दिवशी घरच्या मोदकांपुरते काजू होते.

मी वीजबिलं मागितली. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांची एकावर एक लावून ठेवली होती. एप्रिल, मे, जून युनिट भरपूर. पुढचे आठ-नऊ महिने युनिट शून्याजवळ, तरी स्थिर आकार चालूच. मी प्रत्येक बिलाचा फोटो घेतला. बीखरेदीच्या पावत्यांचे, खातेउताऱ्याचे, तेल दिलेल्या पात्यांचे, पासबुकाचेही. कुलपाचा फोटो काढून टाकला आणि दार उघडं असलेला नवा घेतला.

फॉर्ममध्ये शेऱ्याला दोन ओळींची जागा असते. मी तिथे मावेल तेवढं लिहिलं: यंत्रे जागेवर व सुस्थितीत, हप्ते नियमित, उत्पादन हंगामी, कच्चा माल मार्च ते मे, सोबत ३६ वीजबिले. बाकीचं वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर जोडलं.

सावंतवाडीला पोचेपर्यंत ऑफिसचा फोन आला. शेरा प्रणालीत बसत नाही म्हणाले, चालू की बंद तेवढं सांगा.

"चालू," मी म्हटलं. "आणि जोडलेला कागद काढू नका."

तो कागद पुढे कुणी वाचला का, मला कळलेलं नाही. निकाल माझ्या हातात नसतो. त्या दिवशी सातातले दोन उद्योग बघायचे राहिले, ते मी दुसऱ्या दिवशी केले. आणि महिनाभर आधीच्या त्या दोन कुलपांच्या गावांनाही त्याच आठवड्यात स्वतःच्या खर्चानं परत गेले. एका ठिकाणी खरंच सगळं विकून माणूस गेला होता. दुसऱ्या घरात पडवीत परात होती. तिथला शेरा बदलायचा अर्ज मी लेखी दिला आहे.

काकींच्या घरून निघताना पाऊस थोडा उघडला होता. त्या खळ्यापर्यंत आल्या, माझी छत्री पुढे केली आणि म्हणाल्या, "मार्चात ये गे. तेव्हा हय बसाक जागा गावची नाय."