आमची वाटचाल : चोच कापलेल्या कोंबड्या सांभाळताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात आमचा अंड्यांचा फार्म आहे. २०१५ साली सुरुवात केली तेव्हा पिंजरे नकोत एवढं पक्कं ठरलं होतं. कोंबड्या गादीवर राहणार, खाली भाताचं तूस, दिवसभर अंगण मोकळं. भांडवल बेताचं. एक दिवसाची पिल्लं आणून पाच महिने नुसतं खाऊ घालणं झेपणारं नव्हतं, म्हणून १६ आठवड्यांच्या तयार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, घेतल्या. त्या सगळ्या चोच कापलेल्या होत्या.

पिल्लू ७ ते १० दिवसांचं असताना तापलेल्या पात्यानं चोचीचं टोक उडवतात. बऱ्याच ठिकाणी अंड्यावर यायच्या आधी पुन्हा एकदा कापतात. दाटीवाटीत एका कोंबडीचं रक्त दिसलं की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात, टोचून जीव घेतात. ते टाळण्यासाठी हा उपाय. धंदा म्हणून त्यामागचं कारण आम्हाला समजतं. पण चोचीला वरून कठीण कवच असलं तरी आत हाड आहे, रक्त आहे, आणि टोकाशी तर वेदना कळवणाऱ्या नसांचं जाळंच. जास्त किंवा उशिरा कापली तर तुटलेल्या नसांच्या गाठी होऊन दुखणं मागे राहू शकतं. तापलेल्या पात्याऐवजी हॅचरीतच पहिल्या दिवशी इन्फ्रारेड किरणांनी टोक निकामी करतात, ते त्यातल्या त्यात बरं. जखम उघडी राहत नाही.

आमच्याकडे आलेल्या तलंगांमध्ये काहींची वरची चोच आखूड आणि खालची पळीसारखी पुढे आलेली होती. अशी कोंबडी फरशीवरचा मक्याचा दाणा टिपायला जाते, दाणा पुढे सरकतो. ती पुन्हा टोचते, दाणा पुन्हा सरकतो. शेवटी मान वाकडी करून चोचीच्या कडेनं तो उचलायचा प्रयत्न करते, तेवढ्यात शेजारीण येऊन दाणा घेऊन जाते. हे बघितल्यावर खाली दाणे विस्कटून टाकायचं आम्ही बंद केलं. खोल भांडी आणली, त्यात मॅशचा (दळलेल्या खाद्याचा) थर दोन बोटांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दुपारी थोडा मॅश पाण्यात कालवून देतो. भिजवलेलं खाद्य तासाभरात संपेल एवढंच, नाहीतर आंबतं.

पाण्यालाही निप्पल (चोचीनं दाबल्यावर थेंब देणारी नळी) नको, उघडी भांडी. मेथी, लसूणघास, शेवग्याचा पाला बारीक चिरून. आख्खी जुडी टांगली तर त्यांना पान तोडता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अंगावरच्या उवांवर. चोचीचं टोक असलं की कोंबडी स्वतःची पिसं विंचरते, उवा टिपून काढते. ते टोकच नसेल तर उवा वाढत जातात, कोंबडी झुरते, अंडी घटतात. म्हणून अंगणात कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख मिसळून लोळायला खड्डे केलेत, पावसाळ्यात त्यावर पत्रा. शिवाय माझी बायको संध्याकाळी कोंबड्या काठ्यांवर बसल्या की बॅटरी घेऊन शेपटीखालची पिसं फुंकून बघते. पांढुरके पुंजके पिसांच्या मुळाशी दिसले की ती कोंबडी बाजूला. हे काम तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, खाद्याची गाडी येणं बंद, वीजही नाही. घरात आख्खा मका होता, पण तो या कोंबड्यांपुढे ओतून भागणारं नव्हतं. आईनं माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं भरडा काढला, त्यात सोयाबीनची उरलेली पेंड आणि पाणी कालवलं. अंडी कमी झाली, पण कळप टिकला. रस्ता सुटल्यावर जुनी गिऱ्हाइकं परत आली, ‘दादा, कोंबड्या हाईत न्हवं सगळ्या?’ असं आधी विचारून.

आता एका शेडमध्ये न कापलेल्या पक्ष्यांची तुकडी आहे. तिथे गर्दी कमी ठेवावी लागते, उजेड मंद लागतो, मीठ आणि प्रथिनं जराही कमी पडून चालत नाहीत, आणि टोचायला काहीतरी लागतं म्हणून कोबीचे गड्डे टांगतो. एखादीला टोचलं तर तिला वेगळं काढून जखमेवर जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध लावायचं. लाल रंग झाकला जातो. खर्च जास्त येतो. पुढची पिल्लं न कापलेलीच मागवायची, असं घरात ठरलंय.

उतारवयाच्या कोंबड्या परसात पाळायला आम्ही देतो. चोच कापलेली असेल तर नेणाऱ्याला खोल भांडं आणि राखेची पिशवी सोबत देतो, आणि महिन्याभरानं फोन करून वजन विचारतो.