घरी पोकर ठेवायचा म्हणजे खिशाला नक्की किती खड्डा

गेली बरीच वर्षं महिन्यातून एकदा आमच्याकडे पोकर असतो आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं, खर्च किती. मी सुरू केलं तेव्हा हौसेला मोल नाही म्हणत उलट्या क्रमाने खरेदी केली, आधी टेबल, मग चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या), आणि पत्ते सगळ्यात शेवटी नि सगळ्यात स्वस्तातले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसलाच प्रकार.

तर आधी पत्ते. कागदी पत्ते एका रात्रीत वाकतात, कोपरा दुमडतो, आणि मग इस्पिकचा एक्का पाठीवरूनच ओळखू येतो म्हणजे खेळ संपलाच. पूर्ण प्लॅस्टिकचे घ्या, महाग वाटतात पण पुसता येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. दोन जोड घ्या, वेगवेगळ्या रंगाच्या पाठीचे, म्हणजे एक वाटला जात असताना दुसरा कुणीतरी पिसून ठेवतो आणि तासाला खूप जास्त हात, म्हणजे डाव, होतात (हे मला कळायला दोन वर्षं लागली, तोवर आठ जण एकाच्या पिसण्याकडे बघत बसायचो). पिसणं म्हणजे दोन भाग एकमेकांत मिसळत निदान सात वेळा, यावर गणितज्ञांनी 1992 साली रीतसर पेपर लिहिलाय, अर्थात घरी कोण सात वेळा पिसतं, चार वेळा झालं तरी खूप. आणि एक कट कार्ड (गड्डीच्या तळाशी धरायचं कोरं पान) हवंच, नाहीतर वाटताना तळाचं पान दिसतं.

चिप्सच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. आठ जणांच्या टुर्नामेंटला 500 चिप्सचा सेट लागत नाही. आम्ही प्रत्येकाला 5000 देतो, 25च्या आठ, 100च्या आठ, 500च्या चार, 1000च्या दोन, म्हणजे माणशी 22 आणि सगळ्यांच्या मिळून 176. 300चा सेट घेतला तर री-बायलाही (हरलेल्याने पैसे भरून पुन्हा चिप्स घेणं) उरतात. मात्र कॅश गेम, म्हणजे चिप्सची किंमत थेट खऱ्या पैशांत असलेला खेळ, खेळणार असाल तर ज्यांवर आकडे छापलेत असा सेट घेऊ नका, कारण ब्लाइंड (डाव सुरू होण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, एक छोटी, एक मोठी) बदलले की त्या आकड्यांचा नि खऱ्या पैशांचा मेळ बसत नाही आणि रात्रभर "ही 100ची म्हणजे किती रे?" ऐकावं लागतं. बिनआकड्याचे चार रंग पुरतात.

टेबलाचं काय सांगू. मी 84 इंची लांबुळकं टेबल आणलं, खोलीत बसलंही, पण खुर्च्या मांडल्यावर मागून माणूस जायला जागाच नाही, एकाला बाथरूमला जायचं तर चौघांनी उठायचं. ते शेवटी विकलं, अर्थातच नुकसानीत. माणशी दोन फूट कड धरा, 48 इंची गोल टेबलावर सहा जण बसतात, आठ नाही बसत, कितीही प्रेम असलं तरी. जेवणाच्या टेबलावर फोमची शीट आणि वर घट्ट ताणलेलं कापड, पत्ते छान सरकतात, काम झालं. खाणंपिणं बाजूच्या स्टुलावर, आणि तेलकट काही नको, पत्ते तुमचे आहेत.

वेळेचं गणित टुर्नामेंटमध्ये आधीच करता येतं. टेबलावरच्या एकूण चिप्स भागिले 20, मोठा ब्लाइंड साधारण तिथे पोचला की खेळ आटपतो. आमच्या एकूण चिप्स 40,000, म्हणजे मोठा ब्लाइंड 2000. 25-50 पासून सुरू करून तिथवर अकरा लेव्हल (ब्लाइंड वाढवायचे टप्पे) होतात, 20 मिनिटांची एक धरली तर साडेतीन-पावणेचार तास. हे आधीच सांगितलं की "शेवटचा बस एक हात" करत पहाटेचे तीन वाजत नाहीत. कॅश गेमला असा शेवट नसतो, तिथे उठायची वेळ बसतानाच ठरवा, कारण हरणारा माणूस स्वतःहून कधीच उठत नाही.

आता खरा खर्च. एकदा कॅश गेमच्या शेवटी सगळ्यांना चिप्सचे पैसे देता देता बँकेत, म्हणजे जमा पैशांच्या डब्यात, दीड बाय-इन (खेळात बसताना एकाने भरायची रक्कम) कमी पडला. मी आत बर्फ काढत होतो तेव्हा एका मित्राने डब्यातून स्वतःच चिप्स घेतलेल्या, "नंतर लिही" म्हणून, आणि नंतर ना त्याला आठवलं ना मला. उरलेला अर्धा कुठे गेला देव जाणे. भरले कुणी? घरमालकाने. त्या रात्रीचं माझं नुकसान पुढच्या चार वेळच्या खाण्यापिण्याहून जास्त होतं. तेव्हापासून डबा एकाच माणसाकडे, आधी पैसे मग चिप्स, आणि प्रत्येक बाय-इन सगळ्यांना दिसेल अशा वहीत.

मग कुणी म्हणतं, तू पॉटमधून (डावात मध्ये जमलेल्या पैशांतून) थोडे काढत जा ना खर्चाला. अजिबात नाही. पुष्कळ देशांत घरगुती खेळ आणि जुगाराचा अड्डा यातला फरक नेमका तिथेच पडतो, यजमान कट घेतो की नाही. काही ठिकाणी तर पैसे लावून घरी खेळणंच चालत नाही, तुमच्याकडचा कायदा आधी बघा, पैशांशिवाय नुसत्या चिप्सवरही टुर्नामेंट मस्त होते. आमच्यात येणारा काहीतरी खायला घेऊन येतो आणि पत्ते जुने झाले की सगळे मिळून नवे घेतात.

सगळे गेले की मी चिप्स मोजून डब्यात ठेवतो, दर वेळी. सध्या 500च्या दोन कमी आहेत, सोफा सरकवून झालाय, आता वॉशिंग मशीन बघणार.