कंपनीतून वर्गात: आमची वाटचाल

२०१८ साली चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात केली, तेव्हा पाटीवर फक्त ‘टीईटी मार्गदर्शन’, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं मार्गदर्शन, एवढंच लिहिलं होतं. मी निवृत्त मुख्याध्यापिका, भागीदार माझी भाची. नुकतंच बी.एड. झालेली पोरं येतील असा अंदाज होता. आले ते चाकण-भोसरीच्या कंपन्यांतले, हिंजवडीतले, बँकेतले. बरेचसे चाळिशीच्या आसपासचे.

पहिल्या भेटीत आम्ही फक्त हिशोब मांडतो. पदवीला ५० टक्के आहेत का? इंजिनिअरला ५५ लागतात, म्हणजे जुन्या गुणपत्रिका शोधणं आलं. बी.एड. दोन वर्षांचं, त्यात वीस आठवडे शाळेतली आंतरवासिता. नोकरी सांभाळून होत नाही. पुढे टीईटी, खुल्या गटाला १५० पैकी ९० गुण. अनुदानित शाळा हवी तर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि राज्याचं ऑनलाइन भरतीचं ‘पवित्र’ पोर्टल. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन महिना १८,००० रुपये. हा आकडा घरच्यांसमोरच सांगायचा, असा आमचा नियम आहे. कितीतरी जण चहा घेऊन परत जातात. जाऊ द्यावं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी (पहिली ते पाचवी) बी.एड. ग्राह्य नाही म्हटल्यापासून, लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका करा, हेही आधीच सांगतो.

खरी मेहनत सराव पाठांत असते. या मंडळींना विषय येतो, आणि तोच आड येतो. १/२ + १/३ चं उत्तर मुलाने २/५ दिलं की आमचे इंजिनिअर लगेच म्हणतात, “अरे, लसावि काढ!” मूल लसावि काढतं आणि पुढच्या गणितात परत वरचे वर, खालचे खाली मिळवतं. म्हणून आमच्याकडे एक बंधन आहे: पहिली पाच मिनिटं उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? अर्ध्यात भर घातली, मग कमी कसं झालं? इथे मूल स्वतःच अडतं. हा प्रश्न सुचायला काहींना महिना लागतो. ‘आमच्या कंपनीत ना…’ ही सुरुवात मात्र आम्ही सक्तीने बंद करतो. आठवीची मुलं दुसऱ्या वेळी जांभई देतात.

शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची मदत आमच्या फीतच धरलेली असते. दर शनिवारी दुपारी बैठक. तिथे पाठाचं नियोजन लिहायची टाचणवही, मूल्यमापनाच्या नोंदी, नववीचा गोंगाट हे तर निघतंच. पण सगळ्यात जास्त निघते ती शिक्षक खोली. काल वीस जणांचा साहेब असलेल्या माणसाला आज तिशीतल्या मॅडम “सर, हजेरी राहिली” म्हणतात, ते पचायला वेळ लागतो. तेवढ्यावरून नोकरी सोडायला निघालेले मी पाहिलेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या, पहिली ते आठवीच्या नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली. तेव्हापासून अनुभवी गुरुजी-बाईही आमच्याकडे येऊ लागल्या. त्यांना वेळेत प्रश्नपत्रिका संपवायची असते, नवख्यांना वर्ग शांत करायचा असतो. शनिवारी दोघांना शेजारी बसवतो. माझं काम निम्मं झालंय.