व्हर्टिकल ॲन्टेना: आवारातून गच्चीवर

हॅम (हौशी) रेडिओच्या २० मीटर बँडसाठी क्वार्टर-वेव्ह व्हर्टिकल ॲन्टेना म्हणजे लहरीच्या पाव लांबीची, जेमतेम ५ मीटरची उभी नळी. कांदिवलीत आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या मातीत ती उभी करायला हरकत कुणाचीच नव्हती. गच्चीचं नाव काढलं की मात्र वॉटरप्रूफिंग आडवं यायचं.

खाली एसडब्ल्यूआर (ॲन्टेना ५० ओहमच्या केबलशी किती जुळते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे अचूक) १.१ मिळाला. मित्र खूश, मला तोच आकडा खटकला. आदर्श जमिनीवर अशा नळीचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी बनून बाहेर पडणाऱ्या पॉवरचा वाटा, ३६ ओहमच्या आसपास असतो. मीटर ५०च्या जवळपास दाखवतोय, तर उरलेले चौदाएक ओहम कुठले? मातीचे! म्हणजे १०० वॉटमधले अठ्ठावीसेक वॉट गांडुळांना शेक द्यायला. रेडियल, म्हणजे नळीच्या बुडापासून चहूबाजूंना पसरलेल्या तारा, वाढवत गेलो तसा एसडब्ल्यूआर १.३ कडे ‘बिघडला’ आणि सिग्नल रिपोर्ट सुधारले. हे इतरांच्या गळी उतरवताना दमछाक झाली. जमिनीवरच्या रेडियलची लांबी काटेकोर नसली तरी चालते, पण संख्या हवी: सोळा तरी, बत्तीस असतील तर छानच. आमच्याकडे दोन हातांवर पेव्हर ब्लॉक सुरू. शिवाय तिन्ही बाजूंना इमारती आणि पार्किंगच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट.

म्हणून शेवटी गच्चीच गाठली. उंचावर हिशेब उलटा. परतीचा करंट मातीऐवजी तारांतून जातो, म्हणून चार रेडियल पुरतात. पण ते मापाचे हवेत. सेक्रेटरींना हॅम लायसन्सची प्रत दिली आणि गच्चीला एकही भोक पाडणार नाही असं लिहून दिलं. रंगाच्या डब्यांत काँक्रीट ओतून पाइप रोवला, तो टाकीच्या आधाराला बांधला. ट्रान्समिट करताना रेडियलच्या टोकांना व्होल्टेज बरंच असतं आणि गच्चीवर वाळवणं घालायला बायका-मुलं येतात, त्यामुळे टोकं नायलॉन दोरीने डोक्यापेक्षा बरीच वर ताणली. खालच्या स्लॅबमधल्या सळ्यांमुळे रेझोनन्स, म्हणजे ॲन्टेना जिथे नेमकी जुळते ती फ्रिक्वेन्सी, सरकला. ती मोजणारा ॲनलायझर घेऊन चारही तारा थोड्या थोड्या छाटल्या. फीडपॉइंटला, म्हणजे केबल ॲन्टेनाला जोडतात तिथे, केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा चोक लावलाच. नाहीतर कोॲक्सचं (त्या केबलचं) धातूचं आवरण पाचवा रेडियल होऊन सगळ्या इमारतीचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत आणतं.

आता संध्याकाळी युरोपातली स्टेशनं सहज मिळतात. खाऱ्या हवेमुळे जोड मात्र वरचेवर घासावे लागतात आणि विजा चमकायला लागायच्या आधी कोॲक्स काढून ठेवावी लागते. वसईकडे मोकळी वाडी असती, तर मी मुकाट्याने बत्तीस तारा पुरल्या असत्या.