माटोळी आणि लाल पाइप

चवथीच्या सकाळी गोव्यातल्या पर्वरीहून दादाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा बॉस्टनजवळच्या आमच्या घरी आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सोसायटीने यंदा गणपती पार्किंगमध्ये बसवलेला. दादा हौसेने माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट, दाखवत होता: चिबूड, कांगलां, आंबाडे, सुपारीचे घोस, नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड. आणि ही सगळी चौकट बांधली होती कुठे, तर छतालगतच्या लाल पाइपला.

"दादा, आधी ती सोड तिथून!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या खोलीत झोपलेली मुलगी उठली.

तो पाइप स्प्रिंकलरचा, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा. त्याला दुसरं काहीही टांगायचं नाही, हा साधा नियम. सांधा हलला की गळती सुरू. आणि हेडच्या, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोटीच्या, तोंडाशीच नारळाची पेंड लटकत असेल तर पाणी पसरणार कसं?

आई डिचोलीत सगळ्यांना सांगते, "पूत अमेरिकेंत पायपांचें काम करता." खोटं नाही. पण पाइप आखण्यात माझा दिवसाचा थोडाच वेळ जातो. बाकीचा जातो स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधल्या हातभर जागेच्या वाटणीत. तिथे एसीवाल्याला डक्ट न्यायचा असतो, इलेक्ट्रिशियनला ट्रे, आर्किटेक्टला दिवे, आणि मला त्या सगळ्यांना चुकवून प्रत्येक हेड असं बसवायचं असतं की पाण्याच्या वाटेत काही येणार नाही. (सिनेमात एक काडी पेटली की सगळ्या इमारतीत पाऊस पडतो, तसं होत नाही. हेडमधली काचेची कुपी तापून फुटते, लाल कुपी 68 अंश सेल्सिअसला, आणि जे हेड तापलं तेवढंच उघडतं.)

गेल्या वर्षी इथल्या एका गावाच्या जुन्या वाचनालयाचं काम आलं. अमेरिकेत या कामाची पोथी म्हणजे एनएफपीए 13, नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची स्प्रिंकलरची नियमावली. पहिली आवृत्ती 1896 ची. तेव्हा आपल्याकडे पोर्तुगीज होते आणि आग विझवायला विहीर. या पोथीप्रमाणे वाचायची खोली कमी धोक्याची, एका हेडखाली 225 चौरस फूट चालतात. पुस्तकांच्या कपाटांची मोठी खोली मात्र जास्त धोक्याच्या वर्गात जाते. तिथे एका हेडला जास्तीत जास्त 130 चौरस फूट, आणि पाणी दुप्पट: 1,500 चौरस फुटांच्या हिशेबाला मिनिटाला 150 गॅलनऐवजी 300.

माझी ड्रॉइंग झाली, हायड्रोलिक कॅल्क्युलेशन झालं, आणि आर्किटेक्टबाईंनी दोन्ही खोल्यांची अदलाबदल केली. खिडक्यांचा उजेड वाचणाऱ्यांना मिळावा म्हणून. कल्पना चांगलीच होती, फक्त मला कोणी कळवलं नाही. त्यांच्या लेखी एकही भिंत हलली नव्हती, नुसतं फर्निचर हललं होतं. मला पत्ता लागला तो नव्या सीलिंगचा नकाशा आला तेव्हा, त्यात फिकट रेघांनी काढलेली कपाटं बघून. तीही इतकी उंच की वरच्या पुस्तकांपासून हेडच्या डिफ्लेक्टरपर्यंत (पाणी पसरवणारी चकती) जेमतेम दहा इंच उरत होते. लागतात किमान 18.

माझे वरिष्ठ म्हणाले, गुपचूप सुधार आणि सबमिट कर. इन्स्पेक्टरला आधी विचारायला गेलास की नको ते उत्तर मिळतं. मी तरी फोन केला. नियमाचा अर्थ लावायचा शेवटचा अधिकार त्याचाच, तर मग तो सीलिंग बंद झाल्यावर का ऐकायचा?

आला तो निवृत्त फायरमन. नुसतं नावाने हाक मार म्हणाला. डिचोलीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून इन्स्पेक्टरला नुसतं नाव निघत नाही हो, मी 'सर'वरच अडलेलो. त्याने माझी ड्रॉइंग उघडलीच नाहीत. शिडी लावली, बॅटरी घेतली, माळ्यावर चढला आणि वरून विचारलं, "इन्सुलेशन कुठे टाकताय?"

आर्किटेक्टबाई म्हणाल्या, छपराखालचं काढून खाली सीलिंगवर अंथरणार.

झालं! म्हणजे हिवाळ्यात माळा बाहेरइतकाच थंड, आणि माझे पाण्याने भरलेले पाइप त्याच माळ्यातून. पाणी गोठलं की पाइप फुटतो. आपल्याकडे खारी हवा पाइप खाते, इथे थंडी फोडते. अशा जागी ड्राय सिस्टीम लावतात: पाइपात दाबाखाली हवा, हेड उघडलं की हवा निघून जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मग पाणी येतं. पण तिचा खर्च जास्त, देखभालही जास्त. त्या माळ्यावरच, धुळीत उकिडवे बसून, इन्सुलेशन छपराखालीच ठेवायचं ठरलं. कपाटांचा एक कप्पा कमी झाला. ग्रंथपालबाई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाईट क्लबच्या आगीत 25 माणसं गेली, तेव्हापासून घरचे मला या कामाबद्दल विचारू लागले. इथल्या लोकांना रोड आयलंडमधली 2003 ची आग आठवते. तिथल्या नाईट क्लबमध्ये 100 जण गेले, स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर राष्ट्रीय संहिता बदलली आणि शंभरावर माणसं मावणाऱ्या जुन्या नाईट क्लबनाही स्प्रिंकलर लावायला सांगितलं गेलं. कागद आपल्याकडेही आहेत: राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016, स्प्रिंकलरचं भारतीय मानक आयएस 15105, अग्निशमन संचालनालयाचा ना हरकत दाखला. मला खटकतं ते एवढंच की आर्किटेक्ट, पाइपवाला आणि तपासणारा साहेब एका शिडीखाली सीलिंग बंद व्हायच्या आधी फारसे भेटत नाहीत. आणि रंगारी तर कोणालाच भेटत नाही.

रंगारी आठवला तो दादामुळे. माटोळी सोडून तुळईच्या हुकांना बांधली आणि तासाभराने त्याने लॉबीच्या छताचा फोटो पाठवला. छत पांढरं, हेडही पांढरं, कुपीसकट.

"हे चालतं?"

"नाही. रंग लागलेलं हेड बदलायचं."

"खरवडलं तर?"

"नाही रे, नवंच बसवायचं."

"मग किती आहेत ते मोजू?"

मोज म्हटलं. सात मजल्यांचे फोटो एकेक करून येऊ लागले, तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं.