आईचा खोकला आणि ज्येष्ठमध

दिवाळी सरली आणि आईला खोकला लागला. आमच्या नारायण पेठेत तेव्हा पहाटेचा गारठा असतो, हवेत फटाक्यांचा धूरही रेंगाळलेला. डॉक्टरांनी छाती तपासली, साधा विषाणूचा संसर्ग आहे म्हणाले, अँटिबायोटिक दिलं नाही. शेजारच्या काकूंनी वनौषधींच्या गोळ्या सुचवल्या. दिवसाला चार गोळ्या, वर काढा, चघळायला ज्येष्ठमधाची कांडी.

खोकला दहा दिवसांत गेला. गोळ्या चालूच राहिल्या. महिन्याभरानं आईला जिना चढवेना, पाय गळून जायचे, घोट्यांवर सूज. एरवी १३० असणारं बीपी १७०! रक्तात पोटॅशियम २.९ निघालं, ते ३.५च्या खाली जायला नको. ‘आणखी काय घेता?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘काही नाही हो,’ आई म्हणाली. तिच्या लेखी झाडपाला म्हणजे औषध नव्हेच. मी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

अडुळसा, तुळस, पिंपळी, ज्येष्ठमध. शेवटच्या नावावर डॉक्टरांनी बोट ठेवलं. ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिऱ्हिझीन शरीरात गेलं की मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. एरवी ते एन्झाइम तिथलं कॉर्टिसॉल हे हार्मोन निष्प्रभ करतं. ते झालं नाही की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं: मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यानंही पोटॅशियम कमी होतंच. दोन्हींची भर पडली.

गोळ्या, काढा, कांडी, सगळं त्याच दिवशी बंद केलं. युरोपात ग्लिसिऱ्हिझीन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा सल्ला आहे. आईच्या पोटात किती गेलं याचा हिशोब करायला मी रात्री डबी घेऊन बसले. ज्येष्ठमधाचं घनसत्त्व किती ते छापलं होतं, पण त्यात ग्लिसिऱ्हिझीन किती, याबद्दल एक अक्षर नाही. मला खरा राग आला तो याचा. घेणाऱ्यानं मोजायचं तरी कसं?

मग ओळखीच्या वैद्यांना डबी दाखवली. त्यांनी एकेक वनस्पती समजावली. अडुळशात व्हॅसिसीन असतं. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झीन हे खोकल्याचं औषध तयार झालं, आणि कफ पातळ करणारं अ‍ॅम्ब्रोक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. पण व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा नको. पिंपळीतलं पायपरीन तर बरोबर घेतलेल्या इतर औषधांचं शोषण वाढवू शकतं. गोळ्या सुरू करण्याआधी यातलं काहीच मी विचारलं नव्हतं.

पोटॅशियमचं औषध आणि पुन्हा रक्ततपासणी, असे तीन आठवडे गेले. आकडा ४.१ आला, बीपीही उतरलं. आता आईच्या औषधांच्या कागदावर शेवटची ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे: ज्येष्ठमध नको. डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि घरातली प्रत्येक डबी, काढ्याच्या पुडीसकट, पिशवीत असते.